टकल्या म्हणतो

औताडे सरांच्या डोक्यावर म्हातारपणीही केसांचं रान होतं आणि तोंडी अष्टौप्रहर एक टकल्या होता. 'टकल्या म्हणतो' या दोन शब्दांशिवाय त्यांचं वाक्य सुरू व्हायचं नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करताना टकल्या, लग्नाच्या पंगतीत टकल्या, डॉक्टरांनी रक्तदाब बघायला दंडाला पट्टा गुंडाळला तरी टकल्या. "बघा डाक्टर, टकल्या म्हणतो, सत्ता आता तलवार घेऊन येत नाय, पट्टा घेऊन येती," असं म्हणून ते खदखदून हसायचे, आणि डॉक्टर बिचारे पुन्हा पहिल्यापासून हवा भरायचे.

हा टकल्या म्हणजे पॅरिसचा एक तत्त्वज्ञ. कधीच वारलेला. सत्ता, युद्ध, वंश असल्या विषयांवर त्यानं आयुष्यभर डोकं चालवलं, आणि सरांच्या मते इतकं चालवलं की केस टिकले नाहीत. त्याचं खरं नाव सर वर्षातून एकदाच फळ्यावर लिहायचे. "हे परीक्षेपुरतं," म्हणायचे. "एरवी आपल्याला टकल्या पुरे." मी त्यांची बी.ए.ची विद्यार्थिनी. पुढं लग्न होऊन बीड बायपासवरच्या एका सोसायटीत राहायला आले, सामान चढवत होते, तर समोरच्या ए विंगच्या बाल्कनीतून हाक आली, "वैशे, टकल्या आठवतो का?" तेव्हा कळलं की माझं शिक्षण अजून संपलेलं नाही.

सर मूळचे गंगापूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तिकडची बोली त्यांनी शहरात येऊन पुसली तर नाहीच, उलट पॅरिसच्या तत्त्वज्ञालाही शिकवली. त्यांचा टकल्या अस्सल गंगापुरी बोलायचा. पुढं मी इंग्रजीत त्याची दोन पानं वाचून बघितली तेव्हा मला तो माणूस फारच परका वाटला. हा कोण बुवा, असं झालं.

सुमनकाकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, आणि टकल्याचं मात्र जमलं नाही. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांची समजूत होती की टकल्या हा कॉलेजातला सहकारी आहे. संक्रांतीला त्यांनी तिळाच्या लाडवांचा एक वेगळा डबा भरला आणि सरांच्या हातात दिला. "टकल्याभाऊजींना द्या. एवढं अडीनडीला शहाणपण शिकवतेत तुम्हाला." सरांनी डबा घेतला, स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि कॉलेजच्या वाटेवर थांबून सगळे लाडू स्वतः फस्त केले. संध्याकाळी निरोप आणला, "भाऊजींना लई आवडले." असं सलग काही संक्रांती चाललं. शेवटी एका प्राध्यापकीणबाईंनी काकूंना खरं काय ते सांगितलं. काकू चिडल्या नाहीत. त्यांनी ते सरळ अमान्य केलं. "मेलेला मानूस एवढं बोलतो व्हय?" त्या मला म्हणाल्या. "रोज नवीन काहीतरी म्हनतो. जित्ता हाय तो. लाडू खाऊन वहिनीला पैठणी द्यायची पाळी आली तवा मेला."

सरांच्या शिकवण्याची एकच तऱ्हा होती. पुस्तक मिटायचं आणि दंगा सुरू करायचा. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "सत्ता कुठंय? जा, हुडकून आना." आमच्या वर्गातली पोरं मुळातच आज्ञाधारक. दोघंजण गेले आणि प्राचार्यांची खुर्ची उचलून घेऊन आले. प्राचार्य तेव्हा चहाला गेले होते. परत आले तर खोलीत खुर्ची नाही. शोधत शोधत वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि असे काही कडाडले की आम्ही सगळे ताडकन उठलो. खुर्ची आणणाऱ्यांपैकी एकानं तर घाबरून हातही जोडले.

सर टेबलावर हात आपटून आनंदानं ओरडले, "बघा! खुर्ची इथं हाय आन् सत्ता तिथं दारात उभीय! मंग ती खुर्चीत होती का?" मग आमच्याकडं वळले. "आन् तुम्हाला उभं राह्यला कोन म्हनलं? त्यांनी तर सांगितलं नाय. तुमचे तुमचे गुडघे उठले. टकल्या हेच म्हणतो. सत्ता कुनाच्या खिशात नसती. ती दोघांच्या मधी असती. एकजन ओरडतो आन् दुसऱ्याचे गुडघे उठतेत, तवा ती व्हती." प्राचार्यांनाही ते पटलं असावं, कारण ते खुर्ची स्वतःच उचलून घेऊन गेले. सरांना नंतर लेखी खुलासा द्यावा लागला म्हणतात, पण आमच्या वर्गाला सत्ता जन्मात विसरायची नाही.

युद्ध त्यांनी मला एका लग्नात शिकवलं. आमच्याकडच्या लग्नात माईकवरून नावं पुकारून पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात, आणि कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं यावर पुढची दहा वर्षं बोलणी होतात. सर माझ्या शेजारी बसून कुजबुजत समालोचन करत होते. "लोकांना वाटतं लढाई संपली की तह व्हतो. टकल्या उलटं म्हणतो. तह म्हणजे लढाईच, फक्त आवाज बारीक. हे बघ, आता तिसऱ्या रांगेत आघाडी उघडली." तिसऱ्या रांगेतले नवरदेवाचे मोठे मावसे नाव मागं पडलं म्हणून तरातरा मंडपाबाहेर निघाले होते. सरांना राहवेना. त्यांनी धावत जाऊन स्वतःला मिळालेली टोपी त्यांच्या डोक्यावर घातली. मावसे विरघळले, परत आले. ते पाहून नवरीचे मामा उठले. मग मामांच्या मागं मामांचे व्याही. सर माझ्याजवळ येऊन बसले तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला होता. "तह केला की नवी आघाडी उघडती, वैशे. जेवून घे पटकन."

आता आमच्या सोसायटीविषयी सांगायला हवं. तिचं नाव जलतरंग. बिल्डर विनोदी होता की आशावादी, ते कळायला मार्ग नाही. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, एरवी बोअर, नाहीतर टँकर. सगळं पाणी जमिनीखालच्या एका हौदात पडतं, तिथून पंपानं गच्चीवर चढतं. वाटेत एक व्हॉल्व्ह आहे. इकडं फिरवला की ए विंगची टाकी भरते, तिकडं फिरवला की बी विंगची. व्हॉल्व्हवर लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, आणि कुलपाची चावी सेक्रेटरी मुळेकाकांकडं. ए विंगमध्ये मोठे फ्लॅट, राहणारे बहुतेक मालक. बी विंगमध्ये आम्ही. एका खोलीचे फ्लॅट, बरेचसे भाडेकरू, माझ्या नवऱ्यासारखे वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये जाणारे, आणि चौथ्या मजल्यावर रेहानाभाभी, नर्सची नोकरी आणि अंथरुणाला खिळलेली आई सांभाळणाऱ्या.

एका उन्हाळ्यात बोअर आटली आणि युद्ध पेटलं. आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साधी तक्रार आली, 'बी विंगमध्ये नळ वाहत असतात.' मग, 'शिफ्टवाले कधीही आंघोळी करतात.' आम्ही उत्तर दिलं, 'ए विंगमध्ये माणसं कमी आणि गाड्या जास्त आंघोळ करतात.' आणि एका सकाळी मुळेकाकांनी लिहिलं, 'पाणी जपून वापरणे हे त्यांच्या रक्तातच नाही.' मुळेकाका वाईट माणूस नव्हे. बँकेतून निवृत्त झालेला, दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्याला पहिला धावणारा. म्हणून तर ते वाक्य जास्त लागलं. पाठोपाठ बातमी आली की बी विंगची पाइपलाइनच कापायची, बी विंगनं आपला वेगळा टँकर बघावा आणि बादल्यांनी पाणी वर न्यावं. प्लंबरला निरोपही गेला होता. रेहानाभाभी जिन्यात मला म्हणाल्या, "अम्मीला दिवसातून तीनदा पुसावं लागतं, बाई. चार मजले पानी मैं कैसे चढाऊं?"

नेमक्या त्याच दिवशी सरांनी ग्रुपवर टाकलं : 'रविवारी संध्याकाळी गच्चीवर माझे व्याख्यान. विषय : सोसायटी कोणापासून वाचवायची?'

सरांच्या व्याख्यानाला तोवरच्या आयुष्यात मी, माईकवाला आणि आयोजक एवढीच गर्दी व्हायची. त्या रविवारी गच्ची फुटायची वेळ आली. ए विंगला वाटलं, सर पाइप कापण्याबद्दल बोलणार. बी विंगलाही तेच वाटलं. मुळेकाकांनी स्वतः सतरंज्या घातल्या, बिस्किटं मागवली. सर आले, गर्दी बघून एकदम हरखले, परत खाली गेले. स्कूटरच्या डिकीत त्यांचा कंगवा असायचा, भाषणाआधी भांग पाडल्याशिवाय ते उभे राहात नसत. भांग पाडून आले आणि मला म्हणाले, "बघ, समाज म्हनलं असतं तर कुत्रं आलं नसतं. सोसायटी म्हनलं तर कशी मान्सं आली! इंग्रजी शब्दात लई दम असतो." त्यांना खरंच समाज म्हणायचं होतं. निदान ते शेवटपर्यंत तसंच सांगत राहिले.

"टकल्या म्हणतो," सरांनी सुरुवात केली, "आधी एका सोसायटीचे दोन तुकडे पाडायचे. मंग एक तुकडा म्हनतो, मीच खरी सोसायटी. तो दुसरा म्हणजे रोग. त्याच्यापासून वाचा!"

"बरोबर!" ए विंगमधून आवाज आला. "रोगच!"

"एकदम बराबर!" बी विंगमधून दुप्पट जोरात. "स्वतःलाच सोसायटी समजतेत!"

दोन्हीकडून टाळ्या. सरांना आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडून टाळ्या मिळत होत्या. ते सुटले. "वंश म्हणजे काय? नुसतं नाकडोळे, रंग? नाय. आधी भांडन असतं, मंग लोक रक्तात फरक हुडकतेत. 'त्यांच्या रक्तातच हाय' असं कुनी म्हनलं की समजायचं, लढाई सुरू झाली." टाळ्या. मुळेकाकांनीही वाजवल्या, मग आपलंच वाक्य आठवून त्यांचा एक हात दुसऱ्यावर आपटता आपटता मधेच थांबला.

मग सरांचा आवाज उतरला. "पूर्वी राजाला कुनाला मारायचं असलं तर तलवार लागायची. आता नाय लागत. आता कुनाला जगवायचं तेवढं ठरवायचं. बाकीच्यांना कुनी मारत नाय बरं का. नुसता व्हॉल्व्ह फिरवायचा. आपन हात बी लावला नाय असं वाटतं आपल्याला, आन् झोप बी लागती." रेहानाभाभी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मुळेकाका बिस्किटांकडं बघत होते.

सगळ्यात आधी मुळेकाकाच उठले. चांगला माणूस अडचणीत आला की उगाच मोठ्यांदा बोलतो, तसे ते बोलले. "मग असं करू. सरांनाच चेअरमन करू. चावी सरांकडं. पाइप कापायचा की नाही ते सर ठरवतील!" दोन्ही बाजूंना वाटलं, सर आपले. एका आवाजात होकार आला. कुणीतरी देवाच्या फोटोचा हार काढून सरांच्या गळ्यात घातला, आणि सत्ता कुणाच्या खिशात नसते असं तीन तपं शिकवणाऱ्या माणसाच्या खिशात चावी पडली.

पुढचे काही दिवस बघण्यासारखे होते. सरांची चाल बदलली. एक हात सदऱ्याच्या खिशात, आत चावी खुळखुळतेय. ए विंगमधून पुरणपोळ्या आल्या, बी विंगमधून बिर्याणी आली. मी छेडलं, "सर, सत्ता खिशात नसते ना?" तर लाजून म्हणाले, "नसती गं. पन खिसा लई जड लागतोय." काकू म्हणाल्या, "तुमच्या सरांना बैलावानी घुंगरं बांधलीत. कुठं गेले ते आवाजावरून कळतं. टकल्याला सांगते आता."

सरांनी पेटी उघडली, दोन्ही टाक्या सारख्या भरल्या. कुलूप कडीला तसंच उघडं लटकत राहिलं. त्या दिवशी मात्र ते जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत, हौदाच्या झाकणापाशी फेऱ्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन शहागंजला गेले आणि पिशवीभर चाव्या करून आणल्या. घरोघर फिरून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली. "टकल्या म्हणतो, सत्ता सगळीकडं असती. घ्या. तुम्ही बी चेअरमन, तुम्ही बी चेअरमन." मुळेकाकांनी चावी घेतली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की हसावं की रडावं कळेना.

झालं! आता प्रत्येकाकडं चावी म्हणजे प्रत्येकावर संशय. ए विंगनं पेटीपाशी एक खुर्ची टाकली, लक्ष ठेवायला. बी विंगनं समोर दुसरी. कुलूप मात्र कुणी लावेना. जो लावील तोच पाणी चोरणार, असं दोन्हीकडं ठरून गेलं होतं. नुसतं एकमेकांकडं बघत किती वेळ बसणार? कुणीतरी चहा आणला. मग पत्ते आले. मग रेहानाभाभींनी मुळेकाकांचा रक्तदाब मोजायला सुरुवात केली. सर येता-जाता तिथं थांबून बघायचे, हात चोळायचे. "लढाई चालूच हाय बरं का," मला सांगायचे. "फक्त चहा पिऊन चाललीय."

आणि एका दुपारी तो प्लंबर उगवला. त्याला बोलावल्याचं मुळेकाकाही विसरून गेले होते. कटर जमिनीवर ठेवून त्यानं विचारलं, "कापू का? मालक कोन हाय?"

"मी!" मुळेकाका म्हणाले.

"मी!" मी म्हणाले.

"मैं!" रेहानाभाभी म्हणाल्या. पत्ते टाकून सगळेच उभे राहिले, चाव्या वर करकरून. कुणी कापा म्हणे, कुणी खबरदार म्हणे. प्लंबरनं त्या चाव्यांच्या जंगलाकडं बघितलं, कटर उचललं. "आधी एक मालक करा," म्हणाला, "मंग फोन करा." तो गेला तो गेलाच. एक मालक आजतागायत झालेला नाही, आणि बी विंगचा पाइप जागेवर आहे. सर त्या दिवशी आनंदानं स्कूटरवरून सोसायटीला चकरा मारत होते.

यंदा त्यांचे गुडघे थकले आणि मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. निघायच्या दिवशी दोन्ही विंग फाटकाशी जमल्या होत्या. गाडीत बसता बसता काकूंना काहीतरी आठवलं. "अहो, त्या टकल्याला सांगितलं का, आपन नाशिकला चाललो म्हनून? नायतर इथं येऊन बसंल बिचारा, कुलूप बघून परत जाईल." सगळे हसले. सर हसले नाहीत. काकूंच्या हातावर थोपटून म्हणाले, "सांगितलंय. तो मागनं येतोय."

मग त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि कानात सांगितलं, "वैशे, ती पेटीची चावी पहिल्याच आठवड्यात हौदात पडली. उघडलं आन् हातातून निसटली. कुनाला सांगू? तुम्हाला वाटल्या त्या माझ्या स्कूटरच्या डिकीच्या हायत." मी माझी चावी चाचपली. "कुलूप लावू देऊ नको कुनाला," ते म्हणाले, आणि शाळकरी पोरासारखे फिदीफिदी हसत सुटले. गाडी हलली. काचेतून ते पांढरं केसांचं रान हसण्यानं हलताना दिसत होतं, वळण येईपर्यंत. मला झालेलं सरांचं ते शेवटचं दर्शन.

स्कूटर पार्किंगमध्येच राहिली होती. सगळे पांगल्यावर मी माझी चावी लावून बघितली. डिकी उघडली. आत कंगवा होता. बंद केली आणि वळते तर मुळेकाका पेटीपाशी उभे. लटकतं कुलूप त्यांनी हातात घेतलं होतं.

"सर गेले, आता कशाला उघडं ठेवायचं?" ते म्हणाले. "लावून टाकतो. चाव्या तर सगळ्यांकडं आहेतच."

कुलूप खटकन बसलं असतं तर संध्याकाळी एका विंगची टाकी कोरडी, खोट्या चाव्यांचं बिंग उघडं, कुलूप तोडायला मुळेकाका, आणि नव्या कुलपाची एकच चावी, पुन्हा त्यांच्याच खिशात. रेहानाभाभींच्या अम्मी चौथ्या मजल्यावर. मी धावले नाही, ओरडले नाही. सरांची विद्यार्थिनी आहे मी.

"लावा की काका," मी म्हटलं. "फक्त बी विंगवाले म्हणतील, सर गेले त्याच दिवशी मुळेकाकांनी कुलूप लावलं."

काकांचा हात थांबला. मी दूर उभी होते, बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्यांनी कुलूप हळूच सोडून दिलं, ते कडीला लटकून हेलकावे खात राहिलं. "राहू दे मग," ते पुटपुटले. खिशातली चावी काढून त्यांनी तिच्याकडं बघितलं. "तुझी लागते ना गं नीट?"

"लागते की," मी म्हटलं. "आत्ताच लावून बघितली."

त्यांनी समाधानानं चावी परत खिशात टाकली, खुर्ची ओढली आणि चहासाठी बी विंगला हाक मारली.